ताप आला तर आधी फोन लावा

नामपूरच्या बाजार समितीत आज कांदा काय भावाने गेला, हे आता बांधावर उभे राहून कळते. डाळिंबावर तेल्याचा ठिपका दिसला की शेतकरी फळाचा फोटो काढून मला धाडतो. २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झाले तेव्हा ‘फोनवर कुठे शेती होते काय?’ असे म्हणून हसणारी मंडळीच आता रात्री अकराला मला उठवतात. पण हाच फोन कॅन्सरसारख्या आजारात कसा वापरावा, हे आपल्या घरांतून अजून म्हणावे तसे रुजलेले नाही.

माझ्या थोरल्या वहिनींच्या स्तनात २०२२ साली गाठ निघाली. परळच्या टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन झाले आणि मग केमोथेरपी सुरू झाली. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी, ऐन कांदा लागवडीत, वहिनींना थंडी वाजू लागली. घरात मजूर, स्वयंपाकाचा रगाडा. “काई नही व्हत माले,” म्हणत त्या चुलीपुढून उठेनात. दादांनी तापाची गोळी पुढे केली. पुतण्याने मात्र थर्मामीटर लावला. १०१ भरला. कागदावर लिहून दिलेला नंबर त्याने तिथल्या तिथे फिरवला. पलीकडून सांगितले, “सकाळची वाट पाहू नका, जवळच्या दवाखान्यात आत्ताच न्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजा.”

यात काय आहे ते समजून घ्या. तणनाशकाने तण जळते, पण कधी पिकालाही झळ लागते. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात, तशाच हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी त्या सर्वांत कमी असतात. अशा वेळी जंतू शिरला तर ना पू दिसतो, ना सूज. ताप हीच एक खूण. १००.४ च्या वर गेला की दवाखाना गाठायचा. न विचारता गोळी दिली तर ती खूणच झाकली जाते.

त्या रात्री मालेगावला नेले. तिथल्या डॉक्टरांनी परळच्या डॉक्टरांशी फोनवर बोलूनच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केले. पाच दिवसांनी वहिनी घरी आल्या. परळपर्यंत गाडी करून निघालो असतो, तर वाटेत काय झाले असते कोण जाणे.

माझे एक स्पष्ट मत आहे. घरात फोन असतो, पण तो पोराच्या खिशात, आणि पोरगा मळ्यात. आजारी बाईच्या हाताशी फोन नसेल तर तो असून नसल्यासारखाच. आम्ही वहिनींना साधा बटणांचा फोन घेऊन दिला. हॉस्पिटलचा नंबर आणि केस फाइलचा नंबर कणगीवर खडूने लिहिला. सगळ्या कागदांचे फोटो पुतण्याच्या फोनमध्ये आहेत.

गावच्या उपकेंद्रातूनही ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी बोलता येते. २०१९ पासून ही सोय आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. मात्र तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही तर नुसत्या फोटोवर भागवू नका. तेल्या फोटोवरून ओळखू येतो, कॅन्सर नाही. त्याला तुकडा काढूनच तपासावे लागते. आणि फोनवर फिरणारे काढे-चूर्णांचे निरोप? ते वाचायचे आणि पुसून टाकायचे.

दादांची तंबाखू हा वेगळाच विषय. पुडीवर १८००-११-२३५६ हा फुकट नंबर छापलेला असतो, व्यसन सोडवायला मदत करणारा. वहिनींनी तो आपल्याच फोनवरून लावला आणि फोन दादांच्या कानाला धरला. त्यांनी एकदा सोडली, पोळ्याला परत धरली, मग पुन्हा फोन केला. सध्या चंची खुंटीला आहे.