तेर्स

'तेर्स' हा शब्द आपण गोव्यात जन्मापासून ऐकतो, पण त्याचा अर्थ किती जणांना माहीत असेल? पोर्तुगीज 'तेर्सु' म्हणजे तिसरा हिस्सा. पूर्ण रोझरीत 150 वेळा 'नमान मोरी' म्हणायची, बायबलातल्या 150 स्तोत्रांइतकी. रोज तेवढे कुठले जमायला? म्हणून तिसरा हिस्सा, पन्नास. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'प्रकाशाची' पाच रहस्ये वाढवली आणि आकडा 200 वर गेला. हिशेबाने तेर्स आता चौथा हिस्सा झाला. पण नाव कोण बदलणार!

माळेत 59 मणी. आपल्या जपमाळेत 108. पण खरा फरक मण्यांत नाही. आपला जप एकट्याचा, ओठांतल्या ओठांत. तेर्स मात्र दोन आवाजांचा. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी. पूर्वार्धात मारियेची थोरवी असते, आणि आत्ता व मरणाच्या घडीला आमच्यासाठी विनव, हे मागणे उत्तरार्धात. म्हणजे मागणे जाप देणाऱ्यांच्या तोंडी!

आमच्या शेजारच्या मायच्या घरी एकेकाळी सात माणसे गुडघे टेकायची. इगर्जीची आंजेलूसची घंटा झाली की थोड्या वेळात तेर्स सुरू. शेवटी पोरे वयाच्या क्रमाने मोठ्यांकडे 'बेसांव' मागायची. मग मुलगे आखातात गेले, मुलगी स्विंडनला, आणि घरधनी देवाघरी.

माय आता दोन्ही भाग स्वतःच म्हणते. पहिला मोठ्याने, मग जरा थांबून दुसरा हळू आवाजात. एकदा मी विचारले, एकटीच आहेस तर मनात म्हटले तर नाही का चालत?

"जाप दिल्याबगर मागणें पुराय जायना, पुता."

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुलीने व्हिडिओ कॉलवर तेर्स सुरू केला, तो दर रविवारी अजून चालतो. नातवंडांना कोंकणी येत नाही. माय कोंकणीत सुरुवात करते, ती इंग्रजीत जाप देतात. आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून माय प्रत्येक वेळी थांबते. चूक काढत नाही. शेवटी मोबाईलवर हात ठेवून बेसांव देते.

आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायचा. सगळी भावंडे एका सुरात म्हणायचो. एक शिकायला पुण्याला गेला, एकीचे लग्न झाले, आवाज थोडा कमी झाला एवढेच. तो नेमका कधी बंद पडला, हे आज आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. तेर्साचे तसे नाही. तिथे माणूस गेला की अर्धी प्रार्थना रिकामी राहते, आणि ते सगळ्यांना ऐकू येते. म्हणूनच बहुधा स्विंडनहून फोन येतो.