खिशातला चाकू

आमच्या आबांच्या बंडीच्या खिशात तीन वस्तू कायम असत : चंची, काडेपेटी आणि पितळी मुठीचा घडीचा चाकू. चंची रिकामी झाली की पुन्हा भरली जाई, काडेपेटी संपली की नवी येई. चाकू मात्र कधी बदलला नाही. तो फक्त झिजत गेला. मला कळू लागले तेव्हा त्याचे पाते घासून घासून करंगळीएवढे अरुंद झाले होते. आबा त्याने सुपारी कातरायचे, खताच्या गोणीची शिवण उसवायचे, भाकरीबरोबरचा कांदा चिरायचे आणि टोक काडीच्या जाळावर धरून आम्हा पोरांच्या पायांतले काटे काढायचे. मी पहिलीत जायला निघालो त्या दिवशी माझ्या पेन्सिलीला टोकही त्यांनी त्याच चाकूने काढून दिले. आबांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांनी काढलेले टोक आठवडाभर मोडत नसे.

आबा गेले त्याच वर्षी तो चाकूही गेला. उसाच्या खोडव्यात कुठेतरी पडला असावा. आम्ही सगळ्या सऱ्या पालथ्या घातल्या, पण सापडला नाही. पुढे खोडवा मोडून नांगरट केली, तेव्हा माझे वडील तात्या नांगरामागून खाली मान घालून चालत होते. कोणी विचारले तर "हुमणी बघतोय" म्हणत. मला ठाऊक होते ते काय बघत होते ते.

वाचकहो, ज्याच्या घरी चाळीस गुंठे जमीन, दोन जर्सी गाई आणि सकाळची पाळी धरायची जबाबदारी असते, त्याला खिशात चाकू लागतोच. कडब्याच्या पेंडीचा बंद कापायचा, ठिबकची नळी तोडायची, स्टार्टरची वायर सोलायची. दर वेळी विळा शोधत घरी कोण येणार? म्हणून मी स्वतःचा चाकू घ्यायचे ठरवले.

श्रावणात करंज्याच्या सोमेश्वराला सोमवारी मोठी गर्दी लोटते. त्या गर्दीत एका पालावर मला माझा पहिला चाकू भेटला. लाल चकचकीत मूठ, पात्यावर वाघाचे चित्र आणि खटका दाबला की 'टक्' करून उघडणारा. एकशेवीस रुपये मोजले. घरी येईपर्यंत मी तो निदान पन्नास वेळा उघडला आणि मिटला. तात्यांनी हातात घेतला, पाते जरा हलवून पाहिले आणि म्हणाले, "चाकू आणलास का खुळखुळा?"

मला राग आला. पण चौथ्या दिवशी ठिबकची नळी कापताना मी जोर दिला आणि पाते उलटे मिटून थेट माझ्या तर्जनीवर आले. दोन टाके पडले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. तो खटका पाते उघडायचा. उघडलेले पाते जागेवर धरून ठेवायचे त्याच्या बापालाही ठाऊक नव्हते. आठवडाभर मी वर्गात तीन बोटांनी टिपणे काढली.

बोट बरे होईपर्यंत मोबाईलवर मी चाकूंचाच अभ्यास केला. (एवढा अभ्यास अर्थशास्त्राचा केला असता तर सरांना आनंद झाला असता.) उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू हिंदी सिनेमाने देशभर पोचवला. आपल्याकडे तर 'रामपुरी' म्हटले की पुढे चाकू म्हणावेच लागत नाही. त्या गावाने २०२३ साली एका चौकात वीस फुटांचा चाकूच उभारला. स्वित्झर्लंडमधल्या कार्ल एल्सनर या कारागिराने १८९७ साली नोंदवलेला अधिकाऱ्यांचा चाकू पुढे जगभर गेला. फ्रान्सच्या डोंगराळ मुलुखात जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी साधा लाकडी मुठीचा चाकू केला. त्याला पाते अडवणारी फिरती कडी बसवली गेली ती १९५५ साली. हे वाचून मला बरे वाटले. म्हणजे उलट्या मिटणाऱ्या पात्याने बोट कापून घेणारा मी जगातला पहिला शहाणा नव्हतो.

दुसरा चाकू मी विचार करून घेतला. चार अटी ठरवल्या. पाते तीन इंचांहून लांब नको. उघडले की पक्के अडकले पाहिजे. मूठ ओल्या हातातून निसटता कामा नये. आणि धार घरच्या दगडावर लावता आली पाहिजे. नीरेच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात तसा मिळाला. कलमे बांधणारे वापरतात तसा, लाकडी मुठीचा. दोनशे ऐंशी रुपये पडले. दिसायला अगदी सामान्य. तात्यांनी पाते हलवून पाहिले. ते हलले नाही. ते काहीच बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडला.

पण चाकू घेतला म्हणजे तो लगेच आपला होत नाही. पहिले पंधरा दिवस तो खिशात टोचायचा. सायकलवर बसलो की मांडीला लागायचा. मिटताना बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवायची सवय हाताला लावावी लागली. पाते साध्या पोलादाचे, त्यामुळे ऊस सोलून तसाच ठेवला की दुसऱ्या दिवशी काळे पडे. मग पुसून कोरडा करणे आणि सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडणे आले. धार लावताना मी पाते दगडावर उभे धरायचो. तात्यांनी माझा हात धरून पाते जवळजवळ आडवे केले, पाठ जराशीच उचलली आणि म्हणाले, "दगडावरनं सायीचा पापुद्रा काढल्यावानी फिरव. दाबू नगं." दोन महिन्यांनी असे झाले की चाकू खिशात आहे हे मला आठवेनासे झाले. तो अंगाचाच एक भाग झाला.

आणि तिथेच घोटाळा झाला.

आमचा मुलूख उसाचा. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची टोळी येते, उसाच्या फडाजवळ कोप्या पडतात. त्यांच्यात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर ठरते, हिशेब कोयत्यावर होतो. ज्या हत्याराने माणसे पोट भरतात त्याचेच नाव त्या माणसांना मिळालेले. पण गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बातम्यांत कोयता वेगळ्याच अर्थाने येऊ लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये तर आमच्याच तालुक्यात, बारामतीच्या एका महाविद्यालयाच्या आवारात, एका विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला. आमच्याएवढाच मुलगा. त्या दिवशी आमच्या एस.टी.त कोणीच मोठ्याने बोलत नव्हते.

त्यानंतरच्या शिवजयंतीला आम्ही सजावट करीत होतो. पताकांची सुतळी तोडायची होती. कोणीतरी ओरडले, "कात्री आहे का रे कुणाकडे?" माझा हात आपोआप खिशात गेला. सकाळी गोठ्यातून तसाच आलो होतो. मी चाकू काढला, उघडला आणि सुतळी तोडली. मान वर केली तर खोली एकदम शांत झालेली. माझ्या वर्गातली एक मुलगी, जी नेहमी माझ्याकडून नोट्स मागून घेते, दोन पावले मागे सरकली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या हाताकडे पाहत होती.

मी चाकू मिटला. "गोठ्यातला आहे," एवढेच म्हणालो. कोणी हसले, कोणी पुन्हा खळ लावू लागले. नंतर आमच्या एका सरांनी मला बाजूला घेतले. रागावले नाहीत. म्हणाले, "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण समोरच्याला तू कोण ते कसं कळणार?"

घरी येऊन मी नियम वाचले. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना परवाना लागतो. घरकामासाठी आणि शेतीसाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. मात्र १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाईचा आदेश असला की सार्वजनिक ठिकाणी साधा चाकूही बाळगता येत नाही. माझ्या चाकूचे पाते तीनच इंचांचे. त्या हिशेबात मी सुटत होतो. पण ती दोन पावले कोणत्याच कलमात बसत नव्हती. खरे सांगायचे तर मला राग तिचा आला नाही. मला वाईट याचे वाटले की घरातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. आबांच्या खिशातली वस्तू मी अभिमानाने खिशात घालून आलो होतो आणि तीच पाहून माणसे मागे सरली.

आता चाकू महाविद्यालयात येत नाही. दूध घालून आलो की मी तो भिंतीतल्या दिवळीत ठेवतो आणि मग कपडे बदलतो. सुरुवातीला दिवसभर उजवा खिसा हलका हलका वाटे. हात जाई आणि रिकामा परत येई. आईने एकदा विचारले, "चाकू नेत न्हाईस व्हय?" मी सगळे सांगितले. ती थोडा वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "पोरगी भ्याली आसल. तिला सांगायचं हुतंस, कशाला लागतो ती."

ते सांगायचे राहूनच गेले. अजूनही ती नोट्स मागते, मी देतो आणि दोघेही तो विषय काढत नाही. म्हणून हे इथे लिहिले. ती वार्षिकांक पहिल्या पानापासून वाचते, हे मला माहीत आहे.

परवा संध्याकाळी धाकट्या बहिणीचे शार्पनर हरवले. मी दिवळीतून चाकू काढला आणि तिच्या पेन्सिलीला टोक काढायला बसलो. पहिले मोडले. दुसरेही मोडले. तात्या ओट्यावरून बघत होते. तिसऱ्या वेळी मी पाते जवळजवळ आडवे धरले, दाबले नाही. बहिणीने वहीत आपले नाव लिहून पाहिले आणि म्हणाली, "टिकंल का रं, दादा?"

आज सहावा दिवस आहे. अजून मोडलेले नाही.