घेवड्याच्या मुळाशी

खेड्यातल्या मुख्याध्यापकाकडे लोक दाखल्यासाठी येतात, तसेच गाऱ्हाणे घेऊनही येतात. गेल्या खरिपात बेळगावनजीकच्या आमच्या शाळेत एक पालक रिकामी पुडी घेऊन आले. "गुरुजी, पैसे मोजून काळी माती घेतली बघा! ही लावली की युरिया नको म्हणाला दुकानदार. घेवडा पिवळा पडलाय. आता पोराच्या वह्या कशातून आणायच्या?"

पुडीवरचा मजकूर कानडी व इंग्रजी. गृहस्थांना वाचता येई ती मराठी. सातवीतल्या त्यांच्या मुलाने अक्षरे लावून वाचले : सोयाबीन.

आम्ही पडलो मराठीचे एम. ए.; तरी शेतकऱ्याच्या घरी जन्मल्यामुळे एवढे ठाऊक होते, की या जिवाणूंचे सोयरीक जुळवण्याचे नियम आपल्याहून कडक असतात. सोयाबीनचा जिवाणू घेवड्याच्या मुळावर गाठी धरवीत नाही. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने 1888 साली असे जिवाणू मुळांच्या गाठींतून वेगळे करून दाखविले. हवेतले नत्र ते झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरविते. चालत्या गाठीचा छेद घेतला, तर आत गुलाबी रंग दिसतो. आम्ही शेतात जाऊन चार रोपे मातीसकट उपटली. मुळे स्वच्छ होती. गाठ एकही नव्हती.

पण योग्य पुडी मिळाली असती तरी दुकानदाराचे वचन खोटेच ठरले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. घेवडा मूळचा अमेरिका खंडातला, आणि नत्र मिळविण्याच्या कामी कडधान्यांत आळशी. आपल्याकडील मैदानी मुलखात राजम्याला बहुधा गाठी धरत नाहीत. म्हणून हरभऱ्याला हेक्टरी 20 किलो नत्र पुरते, तेथे राजम्याला 90 ते 120 किलो सांगतात. बरे, युरिया भरपूर ओतला तर झाड गाठींची पर्वा करीत नाही. तेव्हा घेवड्याचीच पुडी घ्यावी, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्यास चोळावी, सावलीत सुकवून लगेच पेरावे. पेरताना थोडे नत्र द्यावे आणि तीन-चार आठवड्यांनी मूळ पाहून पुढचा हप्ता ठरवावा. पुडी उन्हात ठेवली, तर आतले जीव मरतात, हे दुकानदारांना कोण सांगणार?

त्या पालकांनी उसनवारी करून युरिया घातला. पाने हिरवी झाली. शेंग मात्र उशिरा आली, तोवर बाजार उतरला होता. दुकानदाराने पुडीचे पैसे परत केले नाहीत. वह्या शाळेतल्या शिक्षकांनी मिळून आणल्या.