आठ दिवे

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून राहुरी तालुक्यातल्या घरी आलो. राउटर खाली, माझी खोली वर. वाय-फाय पोचेना, म्हणून केबल आणि आरजे-४५ कनेक्टर आणून स्वतःच क्रिम्प करायला बसलो. इंजिनिअरिंगला नेटवर्किंगमध्ये चांगले मार्क होते; क्रिम्पिंग टूल मात्र पहिल्यांदाच हातात धरत होतो.

केबलमध्ये पीळ दिलेल्या चार जोड्या, आठ वायरी. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा ओळीने लावल्या, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले. तरी मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. दोन दिवस मी राउटरला दोष दिला.

आप्पांचं आयुष्य विहिरीवरच्या मोटारी जोडण्यात गेलं. ते म्हणाले, "टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे मोटार चालंल असं नसतं. सैल जोडावरही दिवा लागतो. लोड आल्यावर कळतं."

"आप्पा, हे वेगळंय," मी तोडून टाकलं.

वेगळं नव्हतं. आमच्या शंभर एमबीपीएसच्या राउटरला एक जोडी १-२ वर लागते, दुसरी ३ आणि ६ वर. मधली ४-५ ही जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीची. माझ्या ३ वर हिरवी होती, ६ वर निळी. एकमेकींशी पीळच नाही. जोडीतल्या पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखा पडतो आणि वजा होतो. टेस्टर फक्त वायर तुटलेली नाही एवढंच सांगतो.

टोकं कापली. आप्पांना हाक मारली. चष्मा लावून त्यांनी वायरी चिमटीत धरल्या.

"रंग सांग," म्हणाले.