कचेऱ्यांमधल्या जोडणीस अनावृत पत्र

मु. पो. वडगाव निंबाळकर, ता. बारामती, जि. पुणे

नोंदी जोडणाऱ्या यंत्रणेस,


तुझी पाटी कुठल्याच दारावर नाही. तलाठ्याची आहे (2024 पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून कुणी म्हणत नाही), दुय्यम निबंधकांची आहे, बँकेची आहे. तू या सगळ्यांच्या मधे कुठेतरी काम करतेस. एका कचेरीतली नोंद दुसऱ्या कचेरीतल्या माणसाला त्याच्याच खुर्चीत बसून सापडावी, एवढ्यासाठी तुला नेमलंय. तुला टपाल कुठे टाकायचं ते कळेना, म्हणून हे पत्र जाहीर.

आधी तुझं देणं मान्य करतो. पूर्वी खरेदीखत बारामतीला नोंदवायचं आणि मग इंडेक्स टू खिशात घालून तलाठ्याला शोधत फिरायचं, अशी रीत होती. आज सजा, उद्या तहसील, परवा मीटिंग. फेरफार कधी पडायचा ते तलाठ्याच्या मर्जीवर. आता दस्त नोंदला की त्याची माहिती निबंधकांच्या संगणकातून थेट ई-फेरफार प्रणालीत येते, नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. लोक या पंधरा दिवसांना वैतागतात. मला तर तुझ्या सगळ्या रचनेत हीच जागा शहाणपणाची वाटते. बाहेरून आलेली नोंद तू तडक घरात घेत नाहीस. तिला ओसरीवर बसवतेस आणि भाऊबंदांना विचारतेस की बाबांनो, काही म्हणणं आहे का. हा थांबा तुझ्या प्रोग्रामरने शोधलेला नाही. 1966 च्या जमीन महसूल संहितेत तो होताच, तू तो मोडला नाहीस इतकंच.

आता आमच्या गावाच्या नावाचं घे. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव किती? वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग, वडगाव आनंद, वडगाव कांदळी आणि आम्ही. पोलीस ठाणंही वडगाव निंबाळकरला वेगळं आणि वडगाव मावळला वेगळं. माणसाला हे सांगावं लागत नाही. नीरा-बारामती रस्त्यावर एसटीत बसलेल्याने नुसतं 'वडगाव' म्हटलं तरी कंडक्टर तिकीट बरोबर फाडतो. तुला ते कळत नाही, आणि कळतंय असं भासवलंस तर जास्त घोळ होईल. सप्टेंबर 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत केंद्राच्या निर्देशिकेतला गावाचा कोड छापायला सुरुवात झाली. त्या बदलाच्या बातम्यांत नव्या बोधचिन्हाचंच कौतुक जास्त झालं. खरं काम त्या कोडने केलं.

गाव कोडने सुटलं, माणूस सुटला नाही. सातबाऱ्यावर बाबू रामा, आधारवर बाबूराव रामचंद्र, पासबुकावर बी. आर. तिघे एकच की चुलत भाऊ, हे ठरवायला तुझ्याकडे अक्षरांची जुळवाजुळव आहे आणि चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे चार पिढ्यांची वंशावळ. शेतकरी ओळख क्रमांक 2025 पासून कृषी योजनांना सक्तीचा झाला, तेव्हा नाव जुळत नाही म्हणून अडलेल्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. खात्यांचे नमुनेही असेच. महसूलचा 'नमुना सात' म्हणजे मालकी. नीरा डाव्या कालव्याचं पाणी मागायला पाटबंधारे खात्याला भरून देतात तोही 'नमुना सात'.

पण तुझी खरी परीक्षा इतर अधिकाराच्या रकान्यात आहे. सोसायटीचं पीककर्ज घेतलं की इकराराचा बोजा तिथे चढतो. कर्ज फिटलं की तो कमी व्हायला हवा. चढवण्याची घाई सगळ्यांना असते, उतरवण्याची एकट्या खातेदाराला. बँकांना आणि संस्थांना आपल्याच टेबलावरून अर्ज करता यावा म्हणून ई-हक्क आलं, पण अर्ज करायला तिकडे कुणीतरी बसायला हवं ना! बँकेच्या खात्यावर बाकी शून्य आणि सातबाऱ्यावर बोजा कायम, असा उतारा पाहिलेला माणूस या भागात शोधावा लागत नाही. 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढावा, तर त्यावर फिटलेलं कर्ज खणखणीत अक्षरात. दिसायला कागद ताजा, आतली बाकी गेल्या हंगामाची. मूळ ठिकाणी बदल झाला की तो इकडे आपोआप यावा, हे तुझं निम्मं काम. ते तू अजून खातेदाराच्या चपलांवर सोडलं आहेस.

तुझी एक धाकटी बहीण शारदानगरला, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात असते. मायक्रोसॉफ्टच्या व्यासपीठावर उपग्रहाची छायाचित्रं, हवामान केंद्राचे आकडे आणि जमिनीतल्या सेन्सरने मोजलेली ओल एकत्र करून ती उसाला पाणी कधी द्यावं ते मोबाइलवर सांगते. 2025 मध्ये त्या कंपनीचे प्रमुख सत्या नाडेलांनी तिचं जाहीर कौतुक केलं. ते करावंच. मात्र तिचं यश दाखवून तुला कुणी पळवू पाहील तर ऐकू नकोस. सेन्सर चुकला तर एक पाणी वाया जातं, पुढच्या पाळीला दुरुस्त होतं. हक्काची नोंद चुकली तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 चा अर्ज, प्रांताकडे अपील, आणि मग पोरांच्या हयातीपर्यंत तारखा.

पुढचं मागणं तुझ्या दारात उभंच आहे. शेतकरी 2021 पासून ई-पीक पाहणीत पीक नोंदवतो. तेच शेत सोमेश्वर साखर कारखान्याच्या शेतकी विभागात लागणीच्या तारखेसह, जातीसह नोंदलेलं असतं. दोन्ही जोडा, असं कुणीही म्हणेल. जोडावंही. पण एकीकडे आडसाली आणि दुसरीकडे खोडवा निघाला तर कुणाचं खरं धरायचं, हे आधी लिहून ठेव. आणि कोण काय पाहणार, हेही. सातबारा कुणालाही पाहता येतो, मान्य. म्हणून त्याला आधार, बँकखातं आणि ऊसबिल चिकटवल्यावर ते गठुडंही कुणालाही उघडता यावं, असं होत नाही. बँकेच्या कारकुनाला जे बँकेत दिसायला परवानगी नव्हती, ते तुझ्या शोधातही दिसता कामा नये. 2023 चा डेटा संरक्षण कायदा संमतीची भाषा बोलतो; आमच्याकडे ओटीपी सांगणं हीच संमती समजली जाते.

तेव्हा मागणं एवढंच आहे. बाहेरून आणलेल्या प्रत्येक नोंदीखाली ती कुठल्या कचेरीतून आली, कुठल्या तारखेची आहे, आणि चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज कुणाच्या टेबलावर द्यायचा, हे उताऱ्यावरच छाप. तहसीलला गेलं की निबंधकांकडे जा म्हणतात, निबंधकांकडे गेलं की बँकेत. जोडणी तुझी आहे, तर हा हेलपाटाही तूच घाल.

आपला,
नीरा डाव्या कालव्यावरचा एक खातेदार