श्वासाचा निर्णय

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक व्याधीत श्लेष्मा दाट होऊन फुप्फुसे क्रमशः निकामी होत जातात. त्या वाटेवर कधी प्रत्यारोपणाचा प्रश्न उभा राहतो. ‘शेवटचा उपाय’ म्हणून तो अखेरच्या घटकेला मांडला, तर विचार करण्याइतके बळच रुग्णापाशी उरत नाही. म्हणूनच अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने २०१९ मध्ये सुचविले, की एका सेकंदात बाहेर टाकता येणारी हवा अपेक्षित प्रमाणाच्या ५० टक्क्यांखाली येताच ही चर्चा सुरू व्हावी.

या चर्चेत काहीच झाकून चालत नाही. नवी फुप्फुसे या व्याधीपासून मुक्त असतात. उरलेले शरीर मात्र व्याधिग्रस्तच राहते, आणि परका अवयव नाकारला जाण्याचे भय जन्मभर सोबत करते.

आपल्या आजाराविषयी जाहीरपणे बोलणाऱ्या क्लेअर वाइनलँड या अमेरिकन तरुणीने प्रत्यारोपण आधी नाकारले, पुढे स्वीकारले. २०१८ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरातच, वयाच्या एकविसाव्या वर्षी ती निवर्तली. तिचा कोणता निर्णय योग्य, हे विचारणे व्यर्थ आहे. दोन्ही तिचेच होते. ज्ञानाने मृत्यू टळतोच असे नाही. निर्णय मात्र ज्याचा त्याच्या हाती राहतो.