आबांच्या परसात रेंज आली!

‘आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता, ते सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत...’ ही बाई तुम्हालाही भेटत असेलच. मला मात्र गेल्या मार्चमधल्या एका रविवारी ती तब्बल अडीच तास भेटत राहिली. फोन मी आबांना लावत होते. आबा म्हणजे माझे वडील.

आई गेल्यावर आबांनी पुण्यातला फ्लॅट दादाच्या हवाली केला आणि थेट गाव गाठलं. गाव करमाळा तालुक्यातलं. केत्तूर, पोमलवाडी, वाशिंबे या पट्ट्यात, उजनीच्या फुगवट्याच्या अगदी काठावर. हिवाळ्यात तिकडे रोहित पक्षी येतात, आणि मग पुण्या-मुंबईचे भलीमोठी लेन्स मिरवणारे पाहुणेही. आबांना दोघांचंही कौतुक.

तर त्या रविवारी ते परसातल्या न्हाणीपाशी घसरून पडले. फोन खिशातच होता, पण रेंज शून्य! शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या तेव्हा कुठे कळलं. फ्रॅक्चर नव्हतं, नुसता पाय मुरगळला होता. पण दादाने निकाल देऊन टाकला. ‘बास झालं आता. घराला कुलूप लावायचं आणि आबांना इकडे आणायचं.’ आबांनी फोन कट केला. (म्हणजे त्यांनी ओट्यावर येऊन रेंज पकडली आणि मग कट केला.)

आमच्या त्या घराबद्दल थोडं सांगायलाच हवं. उजनी धरण पूर्ण झालं १९८० मध्ये. साधारण ११७ टीएमसी पाण्याचा तो यशवंतसागर आज ज्या जमिनीवर पसरलाय, तिथे आमचं जुनं गाव होतं. गाव उठलं तेव्हा आजोबांनी जुन्या वाड्याचे दगड, तुळया आणि दारं बैलगाडीत घालून वर आणली आणि त्यातूनच नवं घर उभं केलं. भिंती दोन-दोन फुटांच्या. उन्हाळ्यात आत एकदम गारेगार! पण वाय-फायच्या दृष्टीने तो किल्लाच.

कारण इंटरनेट घरात होतं, बरं का! गावात फायबर आलंय. राउटर बाहेरच्या सोप्यात, टीव्हीजवळ. तिथे क्रिकेट झकास दिसायचं. माजघरात गेलं की काड्या दोनवर, आणि परसात सगळा आनंदीआनंद. आता बऱ्याच फोनवर वाय-फाय कॉलिंग असतं. म्हणजे टॉवरची रेंज नसली तरी वाय-फायवरून साधा कॉल लागतो. त्यामुळे मामला सोपा होता. वाय-फाय परसात पोचलं, तर आबाही पोचले!

मी मास कॉमची पदवीधर. लेन्स आणि लीड यापलीकडे माझं तांत्रिक ज्ञान बेताचंच. पण माझ्या कपाटात एक जुना राउटर पडून होता. दोन अँटेना, चांगला चालू, फक्त नवा आल्यावर निवृत्त झालेला. तुमच्याही माळ्यावर असेल बघा. तो बॅगेत घातला आणि जेऊर स्टेशनवर उतरले.

आधी आळशी मार्ग. जुन्या राउटरला रिपीटर बनवलं आणि माजघरात ठेवलं. पण रिपीटरचा एक लोच्या असतो. त्याला जेवढं ऐकू येतं, तेवढंच तो पुढे सांगणार. शिवाय ऐकायलाही तोच आणि सांगायलाही तोच, त्यामुळे वेग निम्म्यावर. व्हिडिओत आबांचं तोंड हलायचं, आवाज नंतर यायचा.

मग वायर. टेंभुर्णीहून तीस मीटर लॅन केबल आणली, दोन्ही टोकांना क्लिपा मारून घेतल्या. भिंतीला भोक पाडायची आबांची परवानगी नव्हती, म्हणून झरोक्यातून ओढली. जुन्या राउटरच्या भोकात टाचणी खुपसून त्याची स्मृती पुसली, लॅपटॉप जोडला आणि त्याचा पत्ता बदलला. मोठा राउटर १९२.१६८.१.१, म्हणून हा १९२.१६८.१.२. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तोच. चॅनल वेगळे, एक १ वर, दुसरा ११ वर, म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात नाक खुपसणार नाहीत. वायर दोन्हीकडे लॅनच्याच भोकात. ‘वॅन’ लिहिलेल्या भोकात नाही.

हुश्श म्हणणार, तोच सोप्यातून हाक आली, ‘अगं, मॅच गेली!’

चूक शंभर टक्के माझी. जुन्या राउटरचं ‘डीएचसीपी’ बंद करायचं राहिलं होतं. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला पत्ता वाटून देणं हे त्याचं काम. आता एका घरात दोन कारभारी झाले, आणि या नव्या कारभाऱ्याने ज्याला पत्ता दिला, त्याला इंटरनेटचं दार माहीतच नाही! तो पर्याय बंद केला आणि दोन्ही डबे बंद करून पुन्हा चालू केले. शेवटच्या दोन ओव्हर मिळाल्या. आबा बोलले नाहीत, पण टीव्हीचा आवाज वाढवला.

आणखी एक गोष्ट, अंधारात घडता घडता राहिलेली. जुन्याचा अ‍ॅडाप्टर ९ व्होल्टचा, नव्याचा १२ चा, पिन मात्र सारखीच. अदलाबदल झाली असती तर जुना राउटर दुसऱ्यांदा निवृत्त झाला असता, तोही कायमचा. आता दोन्हींवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलीत. गावची लाइट केव्हाही जाते, म्हणून दोन्हीला छोटे यूपीएस जोडलेत. एकाला लावून भागत नाही, हे दोघांपैकी एक झोपला की लगेच कळतं.

जुन्या राउटरला कंपनी नवे अपडेट देत नाही, ही धास्ती मलाही आहे. निदान त्याचा मूळचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड बदललाय. तेवढं तुम्हीही करा.

‘जुना डबा टिकंल का गं?’ तात्यांनी, आमच्या चुलत्यांनी, विचारलं.

आबा म्हणाले, ‘घराचे दगड जुनेच आहेत की.’

पुण्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला व्हिडिओ कॉल. ग्रुप कॉल, म्हणजे दादाही होता. आबा न्हाणीपाशी उभे, एकदम क्लिअर. मग चालत निघाले. गोठा, लिंबाचं झाड, मागे पाण्याची चकाकती पट्टी... आणि चित्र थिजलं. दोन मिनिटांनी पुन्हा कॉल. ‘गोठ्याच्या पुढं नाही येत. पक्षी तर तिकडंच बसलेत.’

मी काही बोलणार, इतक्यात दादा म्हणाला, ‘आबा, माझ्याकडे पण एक जुना पडलाय. शनिवारी घेऊन येतो.’